खाणीचा लाल गाळ, भातशेती आणि आर्सेनिक: खरंच घाबरायचं का?

डिचोलकार (सोम, सकाळी ९:४०)

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे. वरच्या अंगाला बंद पडलेली लोखंडाची खाण आणि तिचा डंप, म्हणजे टाकाऊ मातीचा ढीग. पावसात लाल पाणी व्हाळातून (ओढ्यातून) खाली येतं आणि कुणग्यांत (भाताच्या वाफ्यांत) गाळ बसतो. २०१२ ला खाणी पहिल्यांदा थांबल्या, त्याच्या आधी तर शेत कुठलं आणि गाळ कुठला ते कळायचं नाही. त्यातले काही कुणगे तेव्हापासून पडीकच आहेत.

आता वडिलांनी मनावर घेतलंय, सरद (पावसाळी) शेती पुन्हा करायची. नेमका तेव्हाच घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फॉरवर्ड आला: खाणीच्या गाळात आर्सेनिक असतं, भातात उतरतं, कॅन्सर होतो. आई म्हणते शेती नको. वडील म्हणतात, आजोबा याच मातीतलं खाऊन नव्वदीपर्यंत जगले.

लोखंडाच्या खाणीत आर्सेनिक असतं का? असलं तर मातीत बसून राहतं की पाण्यात उतरतं? आणि तपासून घ्यायचं तर नेमकं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोटोबा पणजीकर (सोम, ९:५२)

'आजोबा नव्वदीपर्यंत जगले' हा आपल्याकडचा सर्वमान्य प्रयोगशाळा अहवाल आहे. त्यावर अपील नाही. खुर्ची ओढून बसलो आहे.

जुना होकायंत्रवाला (सोम, ११:१५)

नोकरी डिचोली-सांगे पट्ट्यात दगड बघण्यात गेली, तेव्हा पहिला प्रश्न माझा.

आर्सेनिकसाठी बदनाम असलेल्या खाणी बहुतेक सोन्याच्या, तांब्याच्या नाहीतर कथिलाच्या. तिथे ते आर्सेनोपायराइट नावाच्या खनिजात असतं. लोखंड, आर्सेनिक आणि गंधक, तिन्ही एकत्र. जमिनीखाली हवा लागत नाही तोवर ते स्वस्थ पडून असतं. दगड वर काढला, फोडून बारीक केला, की हवा-पाणी लागून गंधकाचं सल्फ्यूरिक आम्ल होतं आणि आर्सेनिक मोकळं होतं. काही जिवाणू या कामाला कैक पटींनी वेग देतात.

आपला माल वेगळा. हेमाटाइट, गोएथाइट ही लोखंडाची खनिजं, वर जांभ्याचा थर. म्हणजे आधीच गंजून झालेलं लोखंड. त्यात गंधक फारसं उरलेलं नाही, त्यामुळे आम्लाच्या पाण्याची ती गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होत नाही. आर्सेनिक अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. जगातल्या साध्या मातीतही किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम असतंच, आणि लोखंडी माती ते स्वतःकडे गोळा करते. पण त्या फॉरवर्डवाल्याने यादगीर आणि डिचोली एकाच माळेत ओवलं असेल, तर तो चुकला.

म्हापशेची माया (सोम, ११:३१)

यादगीरचं काय, काका?

जुना होकायंत्रवाला (सोम, ११:४८)

कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात मंगळूर नावाचं गाव आहे (किनाऱ्यावरचं नव्हे), तिथे जुनी सोन्याची खाण. त्याच भागातल्या किरदळ्ळी तांड्यावर पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं, आणि लोकांच्या तळहाता-तळपायांवर त्याचे कडक घट्टे. तो पट्टा आर्सेनोपायराइटचा. आपण सह्याद्रीच्या अलीकडचे.

रसायनमास्तर (सोम, दुपारी २:०५)

काकांशी सहमत, पण अर्धाच.

मातीत एकूण आर्सेनिक किती, हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. ते कशाला चिकटलंय आणि तिथे हवा पोचते की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

हवेशीर मातीत ते आर्सेनेटच्या (ऑक्सिजनला जोडलेल्या) रूपात असतं आणि लोखंडाच्या गंजाला घट्ट चिकटतं. गंज ताजा असेल, अजून नीट स्फटिक न झालेला, तर फारच. त्याला फेरिहायड्राइट म्हणतात आणि त्याच्या एका ग्रॅमला दोनशे चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग असतो. म्हणून तर पाण्यातलं आर्सेनिक काढायला जगभर लोखंड वापरतात. बांगलादेशातला सोनो फिल्टर त्याच तत्त्वावर चालतो. म्हणजे कोरड्या दिवसांत डिचोलकारांच्या शेतातला लाल गाळ आर्सेनिक सोडण्यापेक्षा धरूनच ठेवील.

गोम आहे ती भातात. कुणगा पाण्याने भरला की काही दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू ऑक्सिजनच्या जागी दुसरं काहीतरी वापरतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोखंड, शेवटी सल्फेट. जिओबॅक्टरसारख्यांनी लोखंडाला हात घातला की न विरघळणारं फेरिक लोखंड विरघळणारं फेरस होतं. गंजच विरघळला तर त्याला चिकटलेलं आर्सेनिक कुठे राहणार? शिवाय आर्सेनेटचं आर्सेनाइट होतं. त्यावर साध्या पीएचला (पीएच म्हणजे आम्लपणाचं माप) विद्युतभार नसतो, त्यामुळे ते मातीच्या कणांवरून सहज सुटतं.

बंगालच्या ट्यूबवेलच्या पाण्यात आर्सेनिक आलं ते असंच. तिथे जवळपास खाण नव्हती. हिमालयातून आलेला लोखंडी गाळ, त्यात कुजणारा पालापाचोळा, आणि हवा बंद.

पोटोबा पणजीकर (सोम, २:२०)

मास्तर, बारावीला तुम्ही असता तर मी आज हॉटेल चालवत नसतो.

रसायनमास्तर (सोम, २:३३)

आणि मग आम्ही जेवलो कुठे असतो?

मांडवीकाठची (सोम, संध्या. ५:१०)

वा, म्हणजे खाणींना क्लीन चिट. लाल गाळ चांगला, दोष पाण्याचा आणि जिवाणूंचा!

पाणी तर भातशेतीत असणारच ना? वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो या राज्यात. गाळ शेतात आणून टाकला कोणी? ५ नोव्हेंबर २०१५ ला ब्राझीलमध्ये मारियानाजवळ फुंदाओ धरण फुटलं, ते लोखंडाच्या खाणीच्याच गाळाचं होतं. एकोणीस माणसं गेली आणि गाळ सहाशेहून जास्त किलोमीटर वाहत रिओ दोसे नदीच्या मुखापर्यंत गेला. तेव्हाही सांगत होते, हा नुसता लोखंड-मातीचा गाळ, निरुपद्रवी. पुढे खाडीच्या चिखलात तोच गंज विरघळायला लागला आणि त्याला चिकटलेले धातू सुटतील ही भीती तिथल्या शास्त्रज्ञांनीच मांडली. तो मुलूखही पोर्तुगीज बोलणारा, नावच मिनास जेराइस, म्हणजे 'सर्वसाधारण खाणी'. आपण त्यांच्याकडून फक्त फुटबॉल घ्यायचा का?

बाबू ट्रकवाल्याचा मुलगा (सोम, ५:४४)

ताई, मिनास जेराइसला लोखंडाच्या बाजूलाच सोन्याच्या जुन्या खाणी आहेत, आर्सेनिक मुळात त्यांचं. काकांनी वर तेच सांगितलं. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या तेव्हा आमच्या दारातला ट्रक दारातच गंजला. त्या गंजाला काय चिकटलं ते विचारायला कोणी आलं नाही.

गाळाने शेतीचं नुकसान केलं हे मी नाकारत नाही. आमच्याच मामाची जमीन गेली. गाळ सुकला की कौलासारखा कडक होतो, नांगर शिरत नाही. पण नुकसान वेगळं आणि विष वेगळं. विष म्हटलं की जमीनही गेली आणि तिचा भावही.

मांडवीकाठची (सोम, ६:०२)

दादा, भावाच्या भीतीने तपासच करायचा नाही का? माझं म्हणणं एवढंच, न तपासता 'काही नाही हो' म्हणणारे आणि न तपासता फॉरवर्ड करणारे, दोघे सारखेच. बाकी मामांच्या जमिनीबद्दल तुमचं पटलं.

संपादक मंडळ (सोम, ६:१५)

खाणी चालू की बंद यावर वेगळा धागा आहे आणि तो पाचशे प्रतिसादांनंतरही वाहतोय. इथे माती आणि पाणी एवढंच.

कुळागरवाली (सोम, रात्री ८:२०)

होमिओपॅथीच्या आर्सेनिकम अल्बमच्या गोळ्या २०२० साली घरोघर वाटल्या होत्या, आम्हीपण खाल्ल्या. ते चालतं आणि हे चालत नाही?

रसायनमास्तर (सोम, ८:३१)

३० च्या पोटेन्सीत, म्हणजे इतक्या वेळा पातळ केल्यावर, आर्सेनिकचा एक अणू सापडायचीही मारामार. तुम्ही साखर खाल्लीत, कुळागरताई. निश्चिंत असा.

पोटोबा पणजीकर (सोम, ८:४०)

आता होमिओपॅथीवाले येतील. खुर्ची मागे सरकवतो.

दिवाडीचा खाजनकार (मंगळ, सकाळी ७:०५)

मी शिकलेला नाही फारसा, पण खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत) वाढलो. मास्तर सांगतात त्यातल्या दोन गोष्टी रोज बघतो, त्यांचा अर्थ सांगा.

एक, भाताचं रोप उपटलं की मुळं तांबूस असतात, गंज चढल्यासारखी. मातीत पाणी असतानाही. दोन, मानशीजवळचा (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळचा) चिखल काळा कुळकुळीत आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास. तोच चिखल काढून बांधावर टाकला की काही दिवसांनी वरून पिवळा-तांबडा पडतो आणि त्या जागी गवतही धड येत नाही.

रसायनमास्तर (मंगळ, ९:३०)

खाजनकारभाऊ, दंडवत. तुमच्या दोन ओळींत अर्धा अभ्यासक्रम आहे.

मुळांचा तांबूस थर: भाताचं रोप पानांतून हवा खाली नेतं आणि मुळांतून थोडा ऑक्सिजन बाहेर सोडतं. भोवतीचं विरघळलेलं लोखंड तिथे पुन्हा गंजतं आणि मुळावर बसतं. सुटलेलं आर्सेनिक बरंचसं त्या थरात अडकतं. सगळं नाही. जे आर्सेनाइट आत शिरतं ते सिलिकाच्या वाटेने. भाताला सिलिका भरपूर लागते, त्यासाठी मुळांत खास वाटा असतात, आणि आर्सेनाइटचा रेणू सिलिकाच्या रेणूसारखाच असल्यामुळे त्यातून निभावून जातो. जपानी संशोधकांनी हे २००८ मध्ये दाखवलं. म्हणून मातीत सिलिका वाढवली तर भातात आर्सेनिक कमी जातं. भाताचं तूस किंवा त्याची राख शेतात परत टाकणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त मार्ग.

काळा चिखल: खाजनात समुद्राचं पाणी, म्हणजे सल्फेट. लोखंडानंतर जिवाणू सल्फेटकडे वळतात, त्याचं सल्फाइड होतं, वास त्याचाच. सल्फाइड आणि फेरस लोखंड मिळून काळा गाळ होतो, हळूहळू पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) बनतो, आणि आर्सेनिक त्यात पुन्हा अडकतं. म्हणजे हवा असली तर गंजात अडकतं, हवा पूर्ण गेली आणि गंधक मिळालं तर सल्फाइडमध्ये. मधल्या टप्प्यात, जिथे गंज विरघळलाय पण सल्फाइड पुरेसं नाही, तिथे मोकळं. गोड्या पाण्याचं भातशेत बहुतेक या मधल्या टप्प्यात असतं.

आणि काळा चिखल बांधावर टाकला की पायराइटला हवा लागते, आम्ल होतं, गवत जळतं. होकायंत्र काकांनी सोन्याच्या खाणीची जी गोष्ट सांगितली तीच, छोट्या प्रमाणात, दिवाडीच्या बांधावर. नदीतला गाळ उपसून शेतात टाकायचा विचार करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

जुना होकायंत्रवाला (मंगळ, १०:१२)

एक भर. गोव्यात लोखंडाबरोबर मँगनीजही आहे, सांगे-केपे भागात विशेष. मँगनीजचं ऑक्साइड आर्सेनाइटचं पुन्हा आर्सेनेट करतं, म्हणजे सुटायला सोप्याचं चिकटायला सोपं. शिवाय मास्तरांच्या यादीत ते लोखंडाच्या आधी येतं, त्यामुळे ते शिल्लक असेतो लोखंडावरची पाळी लांबते. उद्या कोणी म्हणेल मँगनीज खा! तसं नव्हे. पिण्याच्या पाण्यात मँगनीज जास्त होणं हा वेगळा त्रास आहे.

थंडीतला गोंयकार (मंगळ, रात्री ११:५०)

कॅनडातून. इथे उत्तरेला यलोनाइफला जायंट माइन आहे. सोन्याचं आर्सेनोपायराइट भाजायचे, धुरातून निघालेली आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी जमिनीखालच्या पोकळ्यांत भरून ठेवली. २,३७,००० टन! खाण २००४ मध्ये बंद झाली, भुकटी तिथेच. ती पाण्यात विरघळते, म्हणून आता भोवतालचा दगड गोठवून ठेवायची योजना आहे, कायमचा. डंपवरच्या लाल मातीवर भांडताय, भाग्यवान आहात.

म्हापशेची माया (बुध, सकाळी ८:१५)

आणि मासळीचं काय? मुलीने कुठेतरी वाचलं की माशांत आर्सेनिक भाताहून कितीतरी जास्त असतं. तिने कालपासून सुंगटं (कोळंबी) बंद केली आहेत. घरात सुतक असल्यासारखं झालंय.

रसायनमास्तर (बुध, ८:५०)

सुरू करा! समुद्री मासळीत असतं ते बहुतांश आर्सेनोबिटेन, सेंद्रिय म्हणजे कार्बनला जोडलेलं रूप. शरीर ते जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर टाकतं. घातक ते असेंद्रिय. म्हणून लघवीत आर्सेनिक तपासायचं तर आधी काही दिवस मासळी वर्ज्य करायला सांगतात, नाहीतर आकडा उगीच फुगतो.

पोटोबा पणजीकर (बुध, ८:५८)

म्हणजे गोंयकाराची ही तपासणी होऊच शकत नाही.

सेंद्रिय सत्तरी (बुध, दुपारी १२:४०)

डिचोलकारांना माझा सल्ला: पडीक जमिनीत भरपूर शेणखत घाला, चुना मारा, वर थोडं डीएपी खत. दोन वर्षांत माती सुधारते. आम्ही केलंय, पीक उत्तम येतं.

रसायनमास्तर (बुध, १:२५)

पीक येईल, वाद नाही. पण आर्सेनिक खरंच असेल तर तिन्ही गोष्टी जपून.

शेणखत म्हणजे जिवाणूंना खाद्य. भरलेल्या कुणग्यात ताजं शेण टाकलं की ऑक्सिजन लवकर संपतो आणि लोखंड लवकर विरघळतं. चांगलं कुजलेलं, पावसाआधी, बेताने. चुन्याने पीएच वाढतो, आणि तो आठच्या वर गेला की आर्सेनेटची गंजावरची पकड सैल होते. आपली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, थोड्या चुन्याने बिघडत नाही, पोतीच्या पोती ओतू नका. आणि डीएपीतलं फॉस्फेट. फॉस्फेट आणि आर्सेनेट दिसायला-वागायला जुळे. दोघांना गंजावरची तीच जागा हवी. पणजी स्टँडवर शेवटच्या बसला गर्दी उसळली की आधी बसलेल्यालाही कोणीतरी उठवतंच, तसं आर्सेनेट उठून पाण्यात येतं.

सेंद्रिय सत्तरी (बुध, १:५०)

असहमत. बंगालचे निष्कर्ष सत्तरीच्या मातीला चिकटवू नका. आमच्या मातीत फॉस्फेट टाकलं की लोखंड ते गिळून बसतं, पिकाला मिळतच नाही, ही आमची जुनी रड आहे. म्हणजे जागा रिकाम्या आहेत. उठवायची वेळ येणार कशी?

रसायनमास्तर (बुध, २:१०)

मुद्दा चोख आहे. लोखंड इतकं जास्त असताना फॉस्फेटचा परिणाम कमीच दिसेल. माती भरलेली असताना काय होतं ते मात्र मोजल्याशिवाय ना तुम्हाला सांगता येईल ना मला. शेणखताबद्दल माझं मत कायम.

कुळागरवाली (बुध, ३:३०)

शेत भरलंच नाही तर?

रसायनमास्तर (बुध, ३:४५)

तेही करतात. पाणी आळीपाळीने भरायचं आणि उतरवायचं. माती मधूनमधून हवेशीर झाली की भातातलं आर्सेनिक कमी होतं. वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या पिकात) जमेल. जुलैत गोव्यात कुणगा कोरडा करून दाखवणाऱ्याचा मी सत्कार करीन. आणखी एक अडचण: माती कोरडी ठेवली की कॅडमियम असल्यास ते सुटतं. एक दाबावं तर दुसरं वर.

शिजवण्याने थोडा फरक पडतो. भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढला तर भातातलं काही आर्सेनिक पाण्याबरोबर जातं, मात्र शिजवायचं पाणी चांगलं हवं.

पोटोबा पणजीकर (बुध, ३:५२)

आणि उकड्या तांदळाची पेज? तिचं तर पाणीच प्यायचं असतं!

रसायनमास्तर (बुध, ४:००)

पेजेत जे सुटलं ते पेजेतच राहतं. पण आधी काही आहे का ते बघू, पेज कशाला सोडताय.

डिचोलकार (गुरु, सकाळी १०:०५)

सगळ्यांचे आभार. घरी मोठ्याने वाचून दाखवलं. वडील खाजनकारांच्या प्रतिसादावर खूश, आई मांडवीकाठचीच्या बाजूने. तपासायचं नक्की झालंय. पण मृदा आरोग्य पत्रिकेत आर्सेनिक दिसत नाही. मग कुठली तपासणी मागायची? नमुना कसा घ्यायचा?

रसायनमास्तर (गुरु, ११:२०)

त्या पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह वगैरे आणि पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब. आर्सेनिक त्यात नाहीच.

माती: एकूण आर्सेनिक मागा, आणि त्याबरोबर सहज सुटणारं किती तेही. दुसरं न करणारी लॅब असेल तर दुसरी शोधा. गाळ बसलेला कुणगा आणि गाळ न पोचलेला वरचा कुणगा, दोन्हींचे नमुने द्या, नाहीतर आकड्याची तुलना कशाशी करणार? वरची वीतभर माती वेगळी, खालची वेगळी.

पाणी: विहिरीचं आणि भरलेल्या कुणग्यातल्या मातीत झिरपलेलं. इथे बहुतेकांचं चुकतं. वर काढताना स्वच्छ असलेलं पाणी बाटलीत पिवळं पडतं, तळाला गाळ बसतो. तो गंज आर्सेनिकला घेऊन खाली बसतो, आणि लॅबवाल्याने वरचं पाणी मोजलं की अहवाल सुंदर. म्हणून पाणी जागेवरच गाळून त्यात आम्लाचे थेंब घालावे लागतात. बाटल्या आणि आम्ल लॅबकडूनच घ्या. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. तपासणी आयसीपी-एमएसवर (अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) झाली तर उत्तम. कागदी पट्टीच्या किटने 'भरपूर आहे की नाही' एवढंच कळतं.

पीक आल्यावर तांदूळही द्या आणि असेंद्रिय आर्सेनिक मागा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे.

जुना होकायंत्रवाला (गुरु, ११:३८)

डंपच्या पायथ्याशी झरा असेल तर त्याचंही पाणी घे. पीएच कागद तिथेच बुडव. चार-साडेचारच्या खाली आला तर मला कळव, मी येतो बघायला. आपल्या डंपात गंधक फारसं नाही हे मी वर ठासून सांगितलंय, ते तपासायला आवडेल.

डिचोलकार (गुरु, १२:०२)

नक्की, काका. मास्तर, पाण्याचा नमुना आत्ता मे महिन्यात घेतला तर चालेल का? कुणगे कोरडे आहेत.

रसायनमास्तर (गुरु, १२:१५)

विहीर आणि माती आत्ता घ्या. कुणग्यातलं पाणी आत्ता घ्यायला ते असायला हवं! लावणीनंतर शेत सलग दोन-तीन आठवडे भरलेलं असताना घ्या. मेमधला चांगला अहवाल जुलैची हमी देत नाही.

बाबू ट्रकवाल्याचा मुलगा (गुरु, १२:४०)

डिचोलकार, जाताना सांगा. मामाच्या जमिनीचे पण द्यायचे आहेत. चार-पाच जणांचे एकत्र दिले तर लॅबवाले भाव कमी करतात का?

मांडवीकाठची (गुरु, १२:४४)

करतात, विचारलं की. मी पण येते. मामांच्या जमिनीपर्यंत गाडी जाते का?

बाबू ट्रकवाल्याचा मुलगा (गुरु, १२:५१)

ट्रक जायचा, ताई. तुमची स्कूटर जाईल.